नाशिकचे पहिले पिकारो

आमच्या चौकातल्या खांबांवर आजवर बरीच थोर मंडळी लटकून गेली. ज्ञानेशभाऊंच्या मित्रमंडळाला फ्लेक्स लावायला निमित्त फार मोठं लागत नाही. कुणाची पोरगी पोलीस भरतीत निघाली, लाव फ्लेक्स. कुणी ट्रॅक्टर घेतला, लाव. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याच्या कुत्र्याचा वाढदिवस झाला तेव्हा त्या मुक्या जिवाच्या फोटोखाली ‘युवा नेतृत्व’ असं छापून आलं. ती छापणाऱ्याची चूक होती की ज्ञानेशभाऊंची समज, यावर गल्लीत अजून एकमत नाही.

त्या बुधवारी सकाळी सावळीराम नाना खैरनार दुधाची पिशवी घेऊन परतत होते. सवयीने त्यांनी मान वर केली आणि खांबावर त्यांना ते स्वतःच दिसले. डोक्याला गुलाबी फेटा, हातात माईक, तोंड उघडं. मागे कुठल्या तरी परदेशी राजवाड्याचं चित्र. खाली जांभळ्या अक्षरांत: ‘नाशिकचे पहिले पिकारो मा. सावळीराम नाना खैरनार यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: ज्ञानेशभाऊ मित्रमंडळ.’

नानांनी त्याच खांबाचा आधार घेतला. इस्त्रीवाल्या भागीबाईंनी ते पाहिलं आणि दुपारपर्यंत गल्लीभर केलं, “नानांना गहिवरून आलं हो. खांबाला मिठीच मारली त्यांनी!”

गहिवर कसला, धास्ती होती ती. पिकारो म्हणजे काय, हे त्या चौकात ज्या मोजक्या माणसांना ठाऊक होतं त्यांत खुद्द नाना होते. त्यांतल्या बाकीच्यांनी मजा बघत मिठाची गुळणी धरली. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

आणि रविवारी ह्याच चौकातून लासलगावची मंडळी येणार होती, नानांच्या नातीच्या, निकिताच्या, लग्नाची सुपारी फोडायला.

नाना मूळचे नामपूरचे. सरकारी कचेरीत शिपाई होते, तिथूनच निवृत्त झाले. पण त्यांना ओळखतात ते माईकवरचा माणूस म्हणून. आमच्याकडच्या लग्नात मुहूर्त दुपारचा असला तरी नवरानवरी संध्याकाळपर्यंत अंतरपाटाआड ताटकळत उभी असतात, कारण सरपंच, माजी सरपंच आणि भावी सरपंच अशा सगळ्यांचं नाव घेऊन स्वागत झाल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. ते स्वागत नानांचं. समोरच्याचं नाव ठाऊक नसलं तरी ‘आपल्या सर्वांचे लाडके’ म्हणून ते हात दाखवतात आणि तिकडे कुणी ना कुणी उठून नमस्कार करतोच. दहाव्याला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, श्रद्धांजलीचं भाषणही नानांचंच. जन्मात न पाहिलेल्या मयताबद्दल ते असं बोलतात की त्याची बायको पदर बाजूला करून बघते, आपल्याच माणसाचं चाललंय ना नक्की!

ही जीभ नोकरीत घडलेली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात मिसरूड फुटायच्या आत नाना नामपुराहून पळाले आणि कचेरीत चिकटेपर्यंत ज्याने खायला घातलं त्याचे झाले. नांदगाव स्टेशनाबाहेरचा चहावाला तीच पत्ती उन्हात वाळवून पुन्हा उकळायचा, त्याच्याकडे नाना पत्ती वाळवायला. तंबू टॉकीजवाल्याकडे बैलगाडीतून भोंगा घेऊन ओरडायला. एका ज्योतिषाचा पोपट ऐन जत्रेत मेला, तेव्हा फडकं टाकलेल्या पिंजऱ्यामागे बसून पोपटाच्या जागी चिठ्ठ्या सरकवायला. मालक सगळे एकाहून एक वस्ताद. नाना त्यांच्याहून एक बोट आखूड, एवढंच.

ह्या गोष्टी त्यांनी सांगितल्या त्या सूनबाईला. उज्वला, म्हणजे निकिताची आई, कॉलेजात मराठी शिकवते. संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणायची, “नाना, मग पुढे?” सून सासऱ्याचं ऐकते हीच बातमी, त्यात ती ‘मग पुढे’ म्हणते! नाना पाघळले. फोडणी देऊन, वर कोथिंबीर पेरून सांगत राहिले. आणि मग उज्वलाने ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं: ‘पिकारेस्क: एका शब्दाचा अर्थ आणि उगम.’

व्याख्यानाला नाना पहिल्या रांगेत. माईक त्यांनीच ‘हॅलो, हॅलो’ करून तपासला होता.

“स्पेन देशात साडेचारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वी एक नवीच कादंबरी जन्मली,” उज्वलाने सांगितलं. “तोवर गोष्टीत राजे असायचे, शूर सरदार असायचे. ह्या गोष्टीतला नायक मात्र उपाशी पोरगा. आगापिछा नाही, अब्रू नाही, अंगात फक्त अक्कल. आज ह्या मालकाकडे, उद्या त्या. प्रत्येक मालक त्याला थोडं लुबाडतो, तो प्रत्येकाला थोडं फसवतो. आपली हकीकत बहुतेक वेळा तो स्वतःच सांगतो. अशा पोराला तिकडे ‘पिकारो’ म्हणायचे. म्हणजे लुच्चा, भामटा, उडाणटप्पू. शब्द कुठून आला ह्यावर पंडितांचं भांडण आहे. कुणी म्हणतं, टोचणं, चोच मारणं, चिरणं अशा अर्थाच्या तिकडच्या धातूपासून, कारण मुदपाकखान्यात चिराचिरी करणाऱ्या पोऱ्यांना पिकारो म्हणत. कुणी म्हणतं, फ्रान्समधल्या पिकार्दी प्रांतातून फाटके शिपाई भटकत यायचे, त्यांच्यावरून. त्या पिकारोची गोष्ट ती पिकारेस्क. हे विशेषण फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं आणि इंग्रजांकडून आपल्याकडे आलं.”

इथवर हॉलमधले निम्मे ज्येष्ठ नागरिक डुलक्या घेत होते. ज्ञानेशभाऊ तर उशिरा आले, समारोपाच्या कोकमाच्या वेळेला. त्यांच्या कानावर पडलं ते शेवटचं वाक्य: “पिकारो शोधायला स्पेनला कशाला जायचं? आमचे नाना अस्सल पिकारो आहेत!” टाळ्या पडल्या, नानांनी उठून हात जोडले. ज्ञानेशभाऊंनी कोकम तिथेच ठेवलं आणि फोन काढला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मग त्यात घाम फुटण्यासारखं काय? अर्धं नाशिक आपापल्या तरुणपणी काही ना काही करून बसलंय.

तर घाम फुटण्यासारखं असं, की नानांनी उज्वलाला सगळे मालक सांगितले, सगळ्या लबाड्या सांगितल्या. एक बाजार तेवढा गाळला. लासलगावचा.

झुंबरशेठ नावाचा एक औषधवाला होता. आठवडे बाजारात चादर अंथरून तेलाच्या बाटल्या मांडायचा. गर्दी जमली की गर्दीतून काठी टेकत, उजवा पाय फरफटत एक पोरगा पुढे यायचा. झुंबरशेठ त्याच्या गुडघ्याला तेल चोळायचा, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा आणि ओरडायचा, “फेक काठी! पळ!” पोरगा काठी भिरकावून जो सुटायचा तो बाजार ओलांडून दिसेनासा. लोक त्या पळणाऱ्या पायांकडे बघत राहायचे आणि हात आपोआप कनवटीला जायचे. पोरगा पुन्हा बाजारात दिसायचा नाही, खरी कारागिरी तीच. गावाबाहेर त्याला भेळभत्त्याचा पुडा मिळायचा.

लासलगावला त्या दिवशी पुढच्याच रांगेत एक बाई उभी होती. कडेवर पोर, पोराचा एक पाय ज्वारीच्या वाळक्या धांड्यासारखा लोंबत होता. झुंबरशेठने ‘पळ’ म्हणायच्या आत तिने वाकून त्या काठीवाल्या पोरग्यालाच विचारलं, “खरंच गुण आला का रे बाळा?”

पोरग्याचं लक्ष भत्त्याकडे. “हो मावशी. आई शप्पथ!” आणि पळाला.

ही गोष्ट नाना विसरले होते. खरंच विसरले होते. आठवली ती दिवाळीनंतर, निकिताचं जमलं तेव्हा. निकिता आणि तिच्याच कंपनीतला राज, दोघांनी आपसांत ठरवून मग घरी कळवलेलं. आजकाल तेच बरं, मध्यस्थाचे खेटे वाचतात. राजचे वडील गोरक्ष, लासलगावचे कांद्याचे व्यापारी, पहिल्यांदा घरी आले ते काठी टेकत. पायऱ्या चढताना नानांनी हात पुढे केला तर हसून म्हणाले, “राहू द्या नाना, सवय आहे.” मग चहा घेताना सांगितलं, “लहानपणी पोलिओ झाला. आईने बिचारीने लय तेल चोळलं. बाजारात कुणीतरी लंगडा तेल लावून पळताना बघितला म्हणे तिने!”

चहा नानांच्या नाकात गेला. इतका ठसका लागला की त्यांच्या बायकोला, कुसाबाईंना, पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

तेव्हापासून नाना धड जेवले नाहीत. लासलगावात पोलिओ झालेलं पोर काय एकच असेल? बाजारात जाणाऱ्या बायका काय कमी होत्या? अशी हजार समाधानं त्यांनी स्वतःला करून दिली आणि एकही पटलं नाही. त्यातून देवाची करणी बघा. म्हातारपणी नानांचा गुडघा खरोखरच गेला, तोही उजवा. जे सोंग भत्त्यासाठी आणलं होतं ते आता फुकटात घरी मुक्कामाला आलं होतं. आणि गोरक्षच्या आई, धोंडाबाई, ऐंशी पार केलेल्या, पहिल्या वेळी आल्या नव्हत्या. रविवारी येणार होत्या. त्यांच्या घराण्यात सुपारी धोंडाबाईंच्या हातात असते. त्यांनी हूं म्हटल्याशिवाय अडकित्ता चालत नाही.

अशात चौकात हा फ्लेक्स. आता लासलगावची मंडळी विचारणार, पिकारो म्हणजे काय? मग सूनबाई कौतुकाने सांगणार. मग मालकांची यादी निघणार. यादीत झुंबरशेठ.

नाना आधी ज्ञानेशभाऊंकडे गेले.

“ज्ञानेश, बाळा, तो फ्लेक्स काढ. मला असलं आवडत नाही.”

“बघा!” ज्ञानेशभाऊंनी सोबतच्या पोरांकडे वळून हात पसरले. “याला म्हणतात मोठेपणा. शिका काहीतरी. नाना, तुम्ही बोलूच नका. लायटिंग राहिली होती, आज करून टाकतो.”

“अरे, त्या शब्दाचा अर्थ…”

“अर्थ काय नाना, आपल्याला सगळा माहीत आहे. स्पेन!”

अर्थ सांगावा तर स्वतःच्या तोंडाने स्वतःला भामटा म्हणायचं, तेही ज्ञानेशभाऊंसमोर, म्हणजे नाशिक जिल्ह्यासमोर. न सांगावा तर फ्लेक्स झळकतोय. संध्याकाळी त्यावर रंगीत दिव्यांची माळ चढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीत जाऊन, नाकाला रुमाल लावून वॉर्ड ऑफिसला फोन केला. “चौकात बेकायदा फलक आहे. वाहतुकीला अडथळा होतो. मी एक जागरूक नागरिक बोलतोय.”

“नाना ना?” पलीकडचा साहेब खूश झाला. “आवाज ओळखला! माझ्या मेहुण्याच्या लग्नात तुम्हीच होतात माईकवर. तुमचा मोठा सन्मान झालाय म्हणे, अभिनंदन! आणि तक्रार कुठल्या फलकाची म्हणालात?”

“काही नाही,” नाना म्हणाले. “असंच.”

मिसळीच्या हॉटेलात मालकाने पाव जास्तीचा दिला आणि विचारलं, “सत्काराला विमानाने नेणार का हो?” देवळात पुजाऱ्याने नारळ पुढे केला. ज्येष्ठ नागरिक संघाच्या शेखररावांनी तर फुरंगटून सांगितलं की संघाचे अध्यक्ष आपण, पिकारो व्हायचा मान पहिला आपला होता. “घ्या हो तुम्ही,” नाना कळवळून म्हणाले, “मी देतो.” शेखररावांना तो टोमणा वाटला.

घरात कुसाबाईंचा जीव वेगळाच खालीवर. नवराबायकोत बोलणं अजून नामपूरचं चालतं, अहिराणीतलं.

“काय व्हयनं तुमले? जेवतस नही, बोलतस नही.”

“काही नही व.”

“पोरना लगीनना टाईमले असं तोंड करतस का कोणी?”

शुक्रवारी नानांनी उज्वलालाच गाठलं. ती पेपर तपासत होती.

“सूनबाई, तुझ्या त्या पिकारोचं… कधी पितळ उघडं पडतं का?”

उज्वलाने चष्मा वर केला. “चांगला प्रश्न आहे नाना. तो सगळं आपणहून सांगतो असं आपल्याला वाटतं. पण मेख तीच आहे. तो सांगताना काहीतरी गाळतो, आणि वाचणाऱ्याने शोधायचं असतं ते नेमकं गाळलेलं.”

“आणि शोधलं तर?”

“तर मजा येते.” ती पुन्हा पेपरात गेली. मग मान वर न करता म्हणाली, “तुम्ही काही गाळलंय का नाना?”

“मी? छे! आई शप…” आणि नाना अर्ध्यातच थांबले. मग म्हणाले, “पाणी आणतो तुला.”

शनिवारी त्यांनी राजला फोन करून मागच्या रस्त्याने यायला सांगितलं. चौकात खड्डे फार आहेत, आज्जींना गचके बसतील, वगैरे. राज गुणी मुलगा, हो म्हणाला. नानांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा भाकरी गोड लागली.

रविवारी मागच्या रस्त्यावर कुणाच्या तरी वास्तुशांतीचा मांडव पडला होता, रस्ता आडवा बंद. ज्ञानेशभाऊ मोटरसायकल घेऊन स्वतः सामोरे गेले आणि गाडी वाजतगाजत चौकातून आणली. खांबाखाली थांबवलीसुद्धा. नाना ओट्यावर उभे राहून लांबून बघत होते. गाडीची काच खाली आली. पांढरं डोकं बाहेर आलं. ज्ञानेशभाऊंचा हात वर, फ्लेक्सकडे. पांढरं डोकं वर झालं आणि बराच वेळ वरच राहिलं.

धोंडाबाई उतरल्या. अंगाने चिमणीएवढ्या, नऊवारी, कपाळावर बारीक गोंदण. ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या त्या घरात यायलाच तयार होईनात. “हितंच बरंय. वारा लागतो.” मग निकिताच्या वडिलांनी सगळंच ओट्यावर आणलं: सतरंजी, पाट, तबक, हळदकुंकू, तबकात सुपारी आणि अडकित्ता. धोंडाबाईंनी सुपारी उचलली आणि मुठीत ठेवली.

नानांचा आजचा बेत ठरलेला होता: उठायचं नाही. भिंतीला टेकून मांडी घालून बसायचं ते मंडळी जाईपर्यंत. गुडघा कितीही बोंबलला तरी उठायचं नाही.

“त्या खांबावर काय लिवलंय वो?” धोंडाबाईंनी विचारलं.

“आज्जी, नाना नाशिकचे पहिले पिकारो!” ज्ञानेशभाऊ अंगणातून ओरडले. निमंत्रण नसलं तरी ते होतेच.

“म्हंजी काय?”

“लय मोठं असतं. परदेशातलं.”

धोंडाबाईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी माईकवरचा आवाज लावला. “तसं विशेष नाही मावशी, आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने…” आणि पुढचं काही सुचेना. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. म्हातारीची मान उज्वलाकडे वळली.

“तू सांग बाई. शिकलेली हायेस.”

उज्वलाने एकदा सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे रक्त नव्हतं. पण निकिताच्या आजेसासूने सरळ विचारलेलं, उडवाउडवी कशी करायची? “आज्जी, पिकारो म्हणजे… म्हटलं तर ठक. पोटासाठी लबाडी करणारा पोरगा. परदेशात त्याच्या गोष्टी लिहितात. तो वाईट नसतो, पण उपाशी असतो. मालक बदलत बदलत जगतो.”

अंगणात ज्ञानेशभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी हळूच खांबाकडे पाहिलं, मग मोटरसायकलकडे.

“आणि हे तसे व्हते?” धोंडाबाई.

“गंमत म्हणून म्हटलं मी. दुष्काळातली गोष्ट. नाना लहान होते.”

“मालक कोनकोन व्हते?”

“आई, चहा घे आधी,” गोरक्ष मधे बोलले.

“चहा कुठं पळत नाय. सांग बाई.”

उज्वलाने चहावाला सांगितला, तंबूवाला सांगितला. पोपटाची गोष्ट झाली तेव्हा राज खो खो हसला, निकिताने त्याला कोपर मारलं. “आणि मग एक औषधवाला होता, झुंबर…”

“पाणी!” नाना एकदम म्हणाले. “पाणी आणतो मी सगळ्यांना.”

आणि उठले. चार रात्री घोकलेला बेत एका क्षणात पाण्यात. हात भिंतीला, उजवा पाय मागे फरफटत, दाराकडे पहिलं पाऊल, दुसरं…

“थांब.”

आवाज मोठा नव्हता. ‘थांबा’ नव्हतं, ‘थांब’ होतं. कुसाबाईंच्या कपाळाला आठी पडली. व्याह्यांना कुणी अरे-तुरे करतं?

“परत ये. आता पुन्ना जा.”

नाना आले, पुन्हा गेले. धोंडाबाई पुढे वाकून त्यांच्या गुडघ्याकडे बघत होत्या, बाजारात कालवड पारखताना बघतात तशा.

“उजवा,” त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, जणू एकट्या नानांसाठी, “आई शप्पथ म्हणला व्हतास.”

नानांनी चौकट धरली. त्यांना निकिता दिसली. हिरव्या साडीत, कुसाबाईंजवळ बसलेली. काय चाललंय हे तिला कळत नव्हतं, पण काहीतरी बिघडतंय एवढं कळलं होतं. बोटातली अंगठी ती नुसती फिरवत होती. नानांनी गोरक्षकडे पाहायचं धाडस केलं. गोरक्ष स्वतःच्या काठीकडे बघत होते. त्यांना उमगलं होतं.

“मी पुढच्या बाजाराला गेले व्हते,” धोंडाबाई सगळ्यांकडे बघत, कुणालाच न सांगता बोलत होत्या. “हातात चप्पल घेऊन. त्याच्या पुढच्याबी बाजाराला. पळनारा काय गावला नाय. वरीसभर चोळलं मी ते तेल. बाटली सपल्यावर घरचं चोळलं.” मग त्या उज्वलाकडे वळल्या. “बाई, त्या तुझ्या गोष्टीत शेवटाला त्या पोराचं काय व्हतं?”

उज्वलाचा आवाज बारीक झाला होता. “शेवटी तो कुठेतरी टेकतो आज्जी. नोकरी लागते, घर होतं. म्हणतो, आता माझं बरं चाललंय.”

“मार नाय बसत?”

“मधे मधे बसतो. शेवटी नाही.”

“हं.” धोंडाबाईंनी मुठीतली सुपारी चाचपली. “आमच्याकडं नाय चालायची तसली गोष्ट.”

कुसाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

धोंडाबाईंनी बोट केलं, चौकाकडे. “त्यो खांब दिसतो का? ज्याच्यावर तुझं थोबाड हाय, त्यो. त्याला शिवून ये. पळत.”

“आई!” गोरक्ष.

“तू गप. पाय तुझा हाय, पर तेल मी चोळलंय.”

“आज्जी, त्यांचा गुडघा…” निकिता उठली.

“ठाव हाय मला. म्हनूनच.”

नाना पायऱ्या उतरले. चपला घालायचं सुचलं नाही. अंगणाचं फाटक उघडलं आणि ते पळाले.

पळाले म्हणायचं आपलं. डावा पाय पुढे, उजवा मागून ओढत, हात हवेत. गल्लीतली दारं उघडली. भागीबाई इस्त्री हातात घेऊनच बाहेर आल्या. “अगं बाई, नानांना आनंद मावेना बघा!” शेखरराव गॅलरीतून ओरडले, “पिकारो, सावकाश!” गुडघ्यात प्रत्येक पावलाला कुणीतरी सुरी फिरवत होतं. नानांना वाटलं, बरंय, फिरू दे.

खांब आला. त्यांनी हात टेकवला. वर त्यांचंच उघडं तोंड, गुलाबी फेटा, रंगीत दिवे, राजवाडा. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की लासलगावला ह्याच्या पुढे काही नव्हतं. पळणं सोपं होतं, कारण परत यायचं नव्हतं. आता मागे वळायचं होतं, आणि वळल्यावर ओटा दिसणार होता, ओट्यावरची माणसं, त्यांचे चेहरे. जाताना पाठीवर होते ते सगळे डोळे आता समोरून घ्यायचे होते.

नाना वळले. येताना ते पळू शकले नाहीत. फरफटत, एकेका घराचं कुंपण धरत आले. गल्लीत आता कुणी काही बोलत नव्हतं, भागीबाईसुद्धा नाही, आणि ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे.

फाटकाशी गोरक्ष उभे होते, काठी टेकून. नाना समोर आले तेव्हा दोघांची नजर एकमेकांच्या पायांवर गेली, मग बाजूला झाली. गोरक्षनी आपली काठी पुढे केली आणि स्वतः फाटकाला टेकले. नानांनी ती काठी हातात घेतली. भिरकावली नाही. टेकत टेकत पायरीपर्यंत आले आणि पायरीवर मटकन बसले.

धोंडाबाई खुर्चीतून वाकल्या. “दम लागलाय. का सोंग?”

“खराय, मावशी.”

“आई शप्पथ?”

हजार लग्नं बोललेली जीभ. नानांनी तोंड उघडलं, मिटलं. मान हलवली, म्हणजे हो की नाही ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही. डोळ्यांतलं पाणी मात्र बाहीने पुसलं नाही.

म्हातारीने मूठ उघडून सुपारी तबकात टाकली. ती गोल फिरली आणि थांबली.

“गोरख्या,” ती म्हणाली, “अडकित्ता घे. आन् ह्याला कुनीतरी पानी द्या आधी. मघाधरनं पानी पानी करतंय.”